आकाशातला ट्रॅफिक हवालदार: सरकारी बरा की खासगी?

(या भागाचं लिखित रूप. बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जरा कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

 

आजचा विषय एका मेसेजवरून सुचला. नाशिकच्या एका श्रोत्याने विचारलं होतं, "दादा, विमानतळ खासगी झाले. एअर इंडिया टाटांकडे गेली. मग विमानांना रस्ता दाखवणारं एटीसी अजून सरकारीच का? तेही देऊन टाका ना खासगीला, कामं तरी पटापट होतील."

मला वाटलं, याचं उत्तर दोन ओळींत देऊन टाकू. हो तरी, नाही तरी. पण वाचायला बसलो आणि दोन आठवडे त्यातच गेले. कारण एअर ट्रॅफिक कंट्रोलचं खासगीकरण हा प्रयोग जगात झालेला आहे, एकदा नाही, चार-पाच वेगवेगळ्या पद्धतींनी. त्याचे निकाल आपल्यासमोर आहेत. आणि ते कोणत्याच बाजूच्या माणसाला पूर्ण खूश करत नाहीत.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, पायलट नाही, कंट्रोलरही नाही. त्यामुळे माझा चष्मा सिस्टीम बंद का पडतात हे बघणाऱ्या माणसाचा आहे. तेवढं धरून ऐका.

टॉवरमधला आवाज कोणाचा?

आधी आपल्याकडचीच गंमत सांगतो. तुम्ही पुण्याहून विमान पकडलं, तर तुमच्या पायलटला "उड्डाणाला परवानगी" म्हणणारा माणूस हवाई दलाचा असतो. कारण लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. गोव्यात दाबोळीला उतरलात, तर तो आवाज नौदलाचा. त्याच गोव्यात मोपाला उतरलात, तर विमानतळ चालवते जीएमआर ही खासगी कंपनी, पण टॉवरमध्ये बसतात एअरपोर्ट्स ऑथॉरिटी ऑफ इंडियाचे, म्हणजे एएआयचे कर्मचारी. मुंबईलाही तेच. विमानतळ अदानींचा, चहा-समोशाचे भाव त्यांचे, पण रेडिओवरचा आवाज एएआयचा.

म्हणजे "विमानतळ खासगी" आणि "एटीसी खासगी" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात पहिली झाली, दुसरी झालेली नाही.

एटीसी म्हणजे फक्त तो काचेचा टॉवरही नाही. टॉवर धावपट्टी आणि तिच्या आसपासचं बघतो. त्यानंतर विमान अप्रोच कंट्रोलकडे जातं, मग एरिया कंट्रोलकडे. एरिया कंट्रोलवाले एका बंद खोलीत स्क्रीनसमोर बसलेले असतात, त्यांना विमान डोळ्यांनी दिसतही नाही. मुंबईच्या एरिया कंट्रोलकडे अरबी समुद्रावरचा भलामोठा पट्टा आहे. आणि मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तरीही २०१८ मध्ये तिथे एका दिवसात हजारावर विमानांची ये-जा झाली होती. एक धावपट्टी, चोवीस तास, हजार विमानं. भागाकार करून बघा, दीड मिनिटाला एक पडतं. हे काम करणारी माणसं कोणाच्या पगारावर असावीत, हा आपला प्रश्न.

'खासगीकरण' म्हणजे नक्की काय?

हा शब्द आपण फार सैल वापरतो. विजेचं उदाहरण घ्या. २००५ मध्ये आपलं राज्य वीज मंडळ तोडून महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या झाल्या. कंपनी झाली, पण मालक राज्य सरकारच. याला खासगीकरण म्हणायचं का? नाही. याला कंपनीकरण म्हणू. मुंबईत अदानी किंवा टाटांची वीज घेता, ते खासगी.

एटीसीमध्येही असेच प्रकार आहेत. अमेरिकेत ते थेट सरकारी खातं आहे, एफएए. न्यूझीलंडने १९८७ मध्ये खात्याची सरकारी कंपनी केली, असं करणारा तो पहिला देश. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्येही कंपनी आहे, पण मालकी सरकारकडे. जर्मनीने पुढे जाऊन ती विकायचा कायदा केला होता, पण २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष होर्स्ट क्योलर यांनी राज्यघटनेचा मुद्दा काढून त्यावर सही करायला नकार दिला. ब्रिटनने २००१ मध्ये खरोखर हिस्सा विकला. आणि कॅनडाने १९९६ मध्ये तिसरीच वाट काढली, तिच्याकडे आपण येऊच.

यात एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे. तुम्हाला जिओ आवडलं नाही तर नंबर पोर्ट करून एअरटेलला जाता. पायलटला असं करता येत नाही. "नमस्कार, मला तुमचा कंट्रोलर पटला नाही, दुसऱ्या कंपनीला जोडून द्या," असं ३५ हजार फुटांवर म्हणता येत नाही. एका आकाशात एकच कंट्रोलर हवा, दोन असले तर अपघात. त्यामुळे खासगीकरण झालं तरी स्पर्धा येत नाही. मक्तेदारी सरकारची होती, ती दुसऱ्या कोणाची होते, एवढंच.

थोडी स्पर्धा टॉवरपुरती येते. ब्रिटनमध्ये विमानतळ आपल्या टॉवरचं कंत्राट कोणाला द्यायचं ते ठरवू शकतो. गॅटविकने २०१६ मध्ये ते जर्मन कंपनीच्या ब्रिटिश शाखेला दिलं, २०२२ मध्ये परत ब्रिटनच्या नॅट्सकडे आणलं. आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये टॉवरला माणसं कमी पडली म्हणून तिथे दिवसाला ८०० उड्डाणांची मर्यादा घालावी लागली. ठेकेदार दोनदा बदलला, माणसं काही आकाशातून पडली नाहीत.

खासगीकरणाच्या बाजूने

आता प्रामाणिकपणे बाजू मांडतो. कारण ज्यांना एटीसी सरकारपासून वेगळं करायचंय, त्यांचे मुद्दे हलके नाहीत.

सगळ्यात मोठा मुद्दा पैशाचा आहे, आणि तो समजून घ्यायला अमेरिका बघा. तिथलं एफएए दिवसाला ४४ हजारांवर उड्डाणं सांभाळतं. पण खर्चाची मंजुरी दरवर्षी संसदेकडून घ्यावी लागते. संसदेत भांडण झालं, बजेट अडलं, की सरकार 'शटडाउन' होतं. कंट्रोलरला मात्र कामावर यावंच लागतं, बिनपगारी. २०१८-१९ मध्ये हे ३५ दिवस चाललं. शेवटच्या दिवशी कंट्रोलर कमी पडून न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाला येणारी विमानं रोखावी लागली आणि त्याच दिवशी तडजोड झाली. २०२५ मध्ये तर ४३ दिवस! शेवटी एफएएला ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करायचा आदेश काढावा लागला. घराचा हप्ता कसा भरायचा या काळजीत असलेला माणूस रडारसमोर बसवायचा आणि वर म्हणायचं लक्ष देऊन काम कर. तुम्हाला हे बरोबर वाटतं?

दुसरं, यंत्रसामग्री. रडार आणि सॉफ्टवेअर बदलायला दहा-पंधरा वर्षांचं नियोजन लागतं. पैसा जर वर्षा-वर्षाने मिळणार असेल, तर मोठं काम कधीच पुरं होत नाही. अमेरिकन सरकारच्याच लेखापरीक्षकांनी २०२४ मध्ये सांगितलं की एटीसीच्या १३८ यंत्रणांपैकी ५१ आता टिकवणं शक्य नाही अशा अवस्थेत आहेत. २०२५ मध्ये एफएएचे प्रमुख संसदेत म्हणाले की नव्या व्यवस्थेत फ्लॉपी डिस्क आणि कागदी पट्ट्या नसतील. फ्लॉपी डिस्क! आपल्यातल्या काहींनी ती फक्त 'सेव्ह'च्या चिन्हात पाहिलीय.

तिसरं, परीक्षा देणारा आणि पेपर तपासणारा एकच नको. एफएए स्वतः एटीसी चालवतं आणि स्वतःच त्याच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवतं. हे वेगळं असायला हवं, यावर जवळपास सगळ्यांचं एकमत आहे.

आता कॅनडा. १ नोव्हेंबर १९९६ ला कॅनडा सरकारने अख्खी एटीसी व्यवस्था नॅव्ह कॅनडा नावाच्या संस्थेला दीड अब्ज कॅनेडियन डॉलरला विकली. पण या संस्थेला शेअरहोल्डर नाहीत. नफा वाटायचा नाही. संचालक मंडळावर विमान कंपन्यांचे प्रतिनिधी, सरकारचे, कर्मचारी संघटनांचे, छोट्या विमानवाल्यांचे, आणि काही स्वतंत्र. पैसा येतो तो विमान कंपन्यांनी सेवेसाठी भरलेल्या शुल्कातून. शुल्क जास्त जमलं तर पुढे दर कमी करायचे. संसदेत भांडण झालं तरी कंट्रोलरचा पगार थांबत नाही. मोठ्या कामासाठी ते बाजारातून कर्ज काढू शकतात.

आणि त्यांनी कामं केलीत. कागदी पट्ट्यांच्या जागी स्क्रीनवरच्या पट्ट्या त्यांनी स्वतः बनवल्या आणि दुसऱ्या देशांनाही विकल्या. २०१९ पासून उत्तर अटलांटिकवरची विमानं उपग्रहांवरून बघायची पद्धत ब्रिटनच्या नॅट्ससोबत सुरू केली. भर समुद्रात रडार नसतं. तिथे आधी विमान स्वतः आपली जागा कळवायचं, ठरावीक वेळाने. आता काही सेकंदांना कळते.

नाशिकच्या मित्रा, इथपर्यंत तुझाच मुद्दा चाललाय. आता दुसरी बाजू ऐक.

विरोधात

सेवेच्या शुल्कावर चालणाऱ्या व्यवस्थेचं एक दुखणं आहे. विमानं उडाली तर पैसे, नाही उडाली तर नाही. पण विमानं निम्मी झाली म्हणून रडार निम्मं बंद करता येत नाही. कोविडमध्ये नेमकं हेच झालं. नॅव्ह कॅनडाची कमाई कोसळली, आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी शुल्क सरासरी २९.५ टक्क्यांनी वाढवलं. विमान कंपन्या मरायला टेकल्या होत्या त्याच महिन्यांत. नोकऱ्याही कमी केल्या. कंट्रोलर तयार व्हायला वर्षं लागतात, त्यामुळे आज वाचवलेला पगार चार वर्षांनी विमानांच्या उशिरात मोजावा लागतो. गेल्या काही वर्षांत कॅनडातही कंट्रोलर कमी पडून विमानं लेट होतायत.

ब्रिटनचं त्याहून वाईट झालं. २००१ च्या जुलैमध्ये नॅट्सचा व्यवहार पुरा झाला. ४६ टक्के विमान कंपन्यांच्या गटाकडे, ५ टक्के कर्मचाऱ्यांकडे, ४९ टक्के सरकारकडे. डोक्यावर कर्ज बरंच. दोन महिन्यांत ११ सप्टेंबर झालं. अमेरिकेची वाहतूक पडली, आणि नॅट्सची मोठी कमाई तिथूनच. शेवटी २००३ मध्ये १३ कोटी पौंड नव्याने घालावे लागले. निम्मे विमानतळ कंपनी बीएएने घातले आणि निम्मे, ओळखा पाहू, सरकारने.

इथे थांबून विचार करा. एटीसी बुडू देता येत नाही. एखादी विमान कंपनी बुडू शकते, किंगफिशर बुडाली, जेट एअरवेज बुडाली. लोकांचे पैसे अडकले, नोकऱ्या गेल्या, पण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीची विमानं उडाली. एटीसी बंद पडलं तर कोणीच उडणार नाही. त्यामुळे तोटा झाला की सरकारला यावंच लागतं. शिकागो कराराप्रमाणे आपल्या आकाशातल्या या सेवेची जबाबदारी तशीही देशाचीच असते. मग चांगल्या वर्षांचा नफा एकाचा आणि वाईट वर्षांचा तोटा सगळ्यांचा, असं तर होत नाही ना? हा विरोधकांचा सगळ्यात टोकदार प्रश्न आहे.

अमेरिकेत २०१७ च्या जूनमध्ये ट्रम्प यांनी कॅनडासारखी बिननफ्याची संस्था करायची योजना जाहीर केली. संसदेत बिल शूस्टर यांनी विधेयक मांडलं. बहुतेक मोठ्या विमान कंपन्यांचा पाठिंबा होता, कंट्रोलरच्या संघटनेनेही होकार दिला. विरोध कोणी केला? छोट्या विमानांच्या मालकांनी आणि ग्रामीण भागातल्या प्रतिनिधींनी. त्यांची भीती अशी की मंडळावर मोठ्या विमान कंपन्यांचं वजन राहणार, मग पैसा शिकागो-अटलांटाला जाणार आणि आमच्या गावच्या धावपट्टीला कोण विचारणार? २०१८ च्या फेब्रुवारीत शूस्टर यांनी ते विधेयक सोडून दिलं. आपल्याकडे एसटी बंद होईल म्हणून गाव का घाबरतं, ते ज्याला कळतं त्याला ही भीती समजावून सांगावी लागत नाही.

आता माझ्या प्रांतातली गोष्ट

२८ ऑगस्ट २०२३. ब्रिटनमध्ये सुट्टीचा सोमवार. सकाळी साडेआठच्या सुमारास नॅट्सच्या कॉम्प्युटरकडे एक फ्लाइट प्लॅन आला. लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणारं विमान, वाटेत ब्रिटनवरून जाणार. फ्लाइट प्लॅनमध्ये वाटेवरच्या बिंदूंची छोटी नावं असतात. या प्लॅनमध्ये 'डीव्हीएल' हे नाव दोन वेगवेगळ्या ठिकाणांचं निघालं. एक अमेरिकेतलं डेव्हिल्स लेक, दुसरं फ्रान्समधलं दोव्हिल. दोन्हींमध्ये हजारो किलोमीटरचं अंतर.

सॉफ्टवेअर गोंधळलं. विमान ब्रिटनच्या आकाशात कुठून शिरतंय आणि कुठून निघतंय, याचा हिशोब लागेना. त्याने ठरवलं की चुकीची माहिती कंट्रोलरला देण्यापेक्षा बंद पडलेलं बरं. हा निर्णय तसा बरोबरच. मग काम बॅकअपकडे गेलं. बॅकअपमध्ये सॉफ्टवेअर तेच, फ्लाइट प्लॅन तोच. तोही बंद. दोन्ही मिळून वीस सेकंदांत खलास.

पुढचं ऐका. मदतीला असलेला इंजिनिअर सुट्टीमुळे घरून ऑन-कॉल होता. घरून लॉग-इन करायला गेला तर पासवर्डची खातरजमा होईना, कारण सिस्टीमच बंद. त्याला ऑफिसला यायला दीड तास लागला. ज्यांनी सॉफ्टवेअर बनवलं होतं, त्यांना विचारायला चार तासांहून जास्त वेळ गेला. त्या एका बिघाडाने सात लाखांवर प्रवाशांचे हाल झाले. त्यांची हॉटेलं, जेवण, दुसरी तिकिटं हा खर्च विमान कंपन्यांवर पडला.

हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला. कारण मी हे केलंय. लहान प्रमाणात. आधीच्या एका नोकरीत रात्रीची ऑन-कॉल ड्युटी माझी होती. पेमेंटचा सर्व्हर पडला, बॅकअपने काम घेतलं, आणि त्याच घाणेरड्या रेकॉर्डवर तोही पडला. पहाटे तीन वाजता मी लॅपटॉप उघडून बसलोय, आणि आत शिरायला जो ओटीपी हवा तो पाठवणारी सेवा त्याच सर्व्हरवर. आई उठून विचारतेय, "काय झालं रे?" आणि मला सांगता येत नाहीये. आधी रात्री दोघं असायचो. खर्च कमी करायचा म्हणून तीन महिन्यांपूर्वी एक केला होता. आमच्याकडे लोकांचे पैसे चार तास अडकले, एवढंच झालं. विमान असतं तर?

"बघा, खासगी केलं की असं होतं," असं कोणी म्हणायच्या आत दुसरी तारीख सांगतो. ११ जानेवारी २०२३. अमेरिकेचं सरकारी एफएए. पायलटांना सूचना देणारी यंत्रणा बंद पडली आणि अख्ख्या देशातली उड्डाणं सकाळी काही काळ थांबवली. कारण? मुख्य डेटाबेस आणि बॅकअप जुळवताना कंत्राटी माणसाकडून चुकून फाइली उडाल्या. आणि आपल्याकडे ७ नोव्हेंबर २०२५. दिल्लीत फ्लाइट प्लॅनचे मेसेज पोचवणारी यंत्रणा बिघडली, प्लॅन हाताने भरावे लागले, आठशेवर विमानांना उशीर झाला.

निम्मी खासगी, पूर्ण सरकारी, सरकारी प्राधिकरण. तिन्हींकडे मुख्य यंत्रणा गेली तेव्हा हातात पुरेसं दुसरं काही नव्हतं. बग मालकाचं नाव बघत नाही.

एक माणूस, दोन खुर्च्या

दोन अपघातांबद्दल बोलायचंय. सावकाश बोलतो.

१ जुलै २००२ ची रात्र. जर्मनीतल्या यूबरलिंगेन गावावर दोन विमानं हवेत धडकली. तो भाग स्वित्झर्लंडची स्कायगाइड ही कंपनी झुरिचमधून सांभाळत होती. ७१ जण गेले, त्यांत बहुतेक रशियातल्या उफा शहरातली शाळकरी मुलं. त्या रात्री ड्युटीवर दोन कंट्रोलर होते. एक विश्रांतीला गेला होता, तशी तिथे पद्धतच पडली होती. दुसरा एकटा दोन स्क्रीनवर काम करत होता. फोनची मुख्य लाइन दुरुस्तीसाठी बंद होती. शेजारच्या जर्मन केंद्राला धोका दिसला होता, ते फोन लावत होते, लागत नव्हता. त्या कंट्रोलरला दोन वर्षांनी मुलं आणि बायको गमावलेल्या एका बापाने घरी जाऊन मारलं. कंपनीतल्या चौघांना पुढे कोर्टाने दोषी धरलं.

२९ जानेवारी २०२५ ची रात्र. वॉशिंग्टन. उतरणारं प्रवासी विमान आणि लष्कराचं हेलिकॉप्टर धडकलं, ६७ जण गेले. सरकारी टॉवर. तिथेही त्या वेळी विमानांचं आणि हेलिकॉप्टरचं अशी दोन जागांची कामं एकच कंट्रोलर बघत होता.

दोन्ही अपघातांना कारणं अनेक होती, सगळं त्या खुर्चीवर ढकलू नका. पण ती रिकामी खुर्ची दोन्हीकडे होती. एकीकडे कंपनी, एकीकडे सरकार. माझ्या मते हा या सगळ्या वादाचा गाभा आहे. रात्री दुसऱ्या खुर्चीवर माणूस बसवायला पैसे लागतात, आणि तो दिसायला रिकामाच बसलेला असतो. एक्सेल शीट बघणाऱ्या प्रत्येकाला, मग तो मंत्रालयात असो की कंपनीत, तो माणूस जास्तीचा वाटतो.

मग माझं मत काय?

कुंपणावर बसणार नाही, सांगतो.

कोणी "एटीसी खासगी करा" म्हटलं की मालक कोण हे शेवटी विचारा. आधी तीन गोष्टी विचारा. एक, पगाराचा पैसा राजकारणावर आणि एका वर्षाच्या बजेटवर अवलंबून आहे का? दोन, चालवणारा आणि तपासणारा वेगळा आहे का? तीन, वाईट वर्षात तोटा कोण भरणार, हे आजच कागदावर लिहिलंय का?

या तीन प्रश्नांवर अमेरिका पहिल्या दोनांत नापास. ब्रिटन पहिल्या दोनांत पास, तिसऱ्यात अडकला. कॅनडा माझ्या मते सगळ्यात जवळ पोचला, कारण त्यांनी सरकारपासून वेगळं केलं पण नफा वाटायची सोयच ठेवली नाही. तरी तिसऱ्या प्रश्नाला त्यांचं उत्तर कोविडमध्ये "शुल्क वाढवा आणि माणसं कमी करा" हेच निघालं.

आणि आपण? आपण वाटतो तितके मागे नाही. एएआय विमान कंपन्यांकडून मार्गदर्शनाचं शुल्क घेतं, स्वतःच्या कमाईतून चालतं, आणि तपासायला डीजीसीए वेगळं आहे. अमेरिकेचे दोन आजार आपल्याला त्या स्वरूपात नाहीत. आपली अडचण वेगळी आहे. एएआय शंभरावर विमानतळही चालवतं आणि एटीसीही, दोन्ही एकाच छताखाली. नवीन टर्मिनलचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते, फोटो येतो. नवीन मेसेज सर्व्हरचा फोटो कोण काढणार? म्हणून मला वाटतं, एटीसीचा हिशोब वेगळा करावा, त्याचं शुल्क त्याच्याच यंत्रणेवर आणि माणसांवर खर्च व्हावं. हवी तर वेगळी सरकारी कंपनी करा. पण शेअर बाजारात आणून नफा मागू नका. जिथे गिऱ्हाईक सोडून जाऊ शकत नाही आणि दुकान बुडू देता येत नाही, तिथे नफ्याची घाई शेवटी त्या दुसऱ्या खुर्चीवर येते.

तर नाशिकच्या मित्रा, "कामं पटापट होतील" हा तुझा मुद्दा यंत्रसामग्रीबाबत बराच खरा आहे. पण एटीसीमध्ये चांगलं काम म्हणजे बऱ्याचदा काहीच न घडणं. आणि काहीच न घडण्याचं बिल कोणीतरी दर महिन्याला भरावं लागतं.

जाता जाता एक. माझ्या कॉलेजचा एक मित्र एएआयची ज्युनिअर एक्झिक्युटिव्हची परीक्षा देऊन कंट्रोलर झाला. बीटेकवाल्यांना आणि फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी केलेल्यांना ती देता येते. प्रशिक्षणाचं एक केंद्र आपल्या गोंदियातही आहे. मी त्याला विचारलं, तुला मालक कोण असावा असं वाटतं? तो म्हणाला, "मालक कोणीही असू दे रे. मला चहाला उठता येईल एवढा शेजारी एक माणूस पाहिजे."

बास, आज एवढंच. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर पाठवा, कारणासकट पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवीन. आणि पुढच्या वेळी विमान "एटीसीमुळे" अर्धा तास थांबलं, तर एअर होस्टेसवर चिडू नका. वर कुठेतरी कोणीतरी दोन विमानांमध्ये अंतर राखतोय.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!